टक्केटोणपे

‘टक्केटोणपे’ हा शब्द मराठीत ज्याने आणला तो गृहस्थ बहुधा सेवानिवृत्त असावा. टोणप्याचं एक बरं असतं. तो पाठीत बसला की बसल्याचं कळतं, मारणारा समोर दिसतो आणि चार माणसं जमवून त्याला जाब विचारता येतो. टक्क्याचं तसं नाही. आता भाषेचे जाणकार सांगतील, की या शब्दातला टक्का म्हणजे धक्का. शेकड्यातल्या टक्क्याशी त्याचं काही नातं नाही. नसेना! साठी उलटल्यावर माझी खात्री झाली आहे, की तो शेकड्यातलाच. टक्का बसताना मुळीच लागत नाही. त्याचा वळ उठतो वीस-पंचवीस वर्षांनी, आणि तोवर मारणाऱ्याची बदली झालेली असते.

शिवाय टक्का स्वभावाने फार गरीब. तो कधी एकटा येत नाही, ‘फक्त’ या शब्दाचं बोट धरून येतो. निवृत्तीची योजना विकायला घरी येणारा चुणचुणीत मुलगा चहाचा घोट घेत म्हणतो, “काका, आमचा चार्ज फक्त एक टक्का.” शंभरात एक! शंभर पानांच्या पंगतीत एक आगंतुक जेवून गेला तर कोणता यजमान त्याची कॉलर धरील? उलट आपण त्याला जिलबीचा आग्रह करतो.

आणि इथेच आपल्या मध्यमवर्गाची मोठी गंमत आहे. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जे गृहस्थ कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं झुंजतात, दोन रुपये कमी करून घेतात आणि वर चार मिरच्या टाकायला लावतात, तेच गृहस्थ आयुष्यभराच्या शिलकीच्या कागदांवर, पेन्सिलीने फुली केलेली असेल तिथे तिथे, निमूटपणे सतरा सह्या करतात. भाजीवालीशी घासाघीस करणं हा व्यवहार आणि पैसे सांभाळणाऱ्याला ‘तुमचं किती?’ असं विचारणं हा त्याचा अपमान, हे आपल्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं आहे. भाजीवाली जमिनीवर बसलेली असते आणि हा सोफ्यावर बसलेला असतो, याच्याशी त्याचा काही संबंध असेल का? मला आपली शंका येते.

आता थोडं गणित. समजा, एका माणसाने दरमहा ५,००० रुपये ३० वर्षं बाजूला टाकले. म्हणजे पदरचे १८ लाख. त्यावर वर्षाला १० टक्क्यांनी वाढ होत गेली, तर अखेरीस साधारण १ कोटी १३ लाख होतात. पण मधल्या मध्ये तो ‘फक्त एक टक्का’ जात राहिला आणि हाती ९ टक्केच लागले, तर होतात साधारण साडेएक्याण्णव लाख. फरक साडेएकवीस लाखांचा! म्हणजे त्या माणसाने पदरचे जेवढे घातले, त्याहून जास्त त्या गरीब टक्क्याने खाल्ले. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे आपण पाटीवर शंभरदा गिरवलं. पण तळं रिकामं व्हायचं असलं तरी ते थेंबे थेंबेच होतं, हे सांगायचं गुरुजींच्या राहून गेलं.

राखणदार फुकट मिळावा, असं माझं म्हणणं नाही. त्याला पगार हवाच. पण तो किती, हे विचारलं की टक्का कसा आक्रसतो, पहा. एके काळी म्युच्युअल फंडात शंभर रुपये घेऊन गेलं, की पुष्कळदा सव्वादोन रुपये दारातच काढून घेत. ‘सेबी’ने १ ऑगस्ट २००९ पासून ते बंद केलं. भविष्य निर्वाह निधीचा व्यवस्थापन खर्च कामगाराच्या खात्यातून जात नाही, मालकाने वेगळा भरायचा असतो. तोसुद्धा पगाराच्या १.१० टक्के होता, तो २०१५ पासून उतरत उतरत २०१८ च्या जूनमध्ये अर्ध्या टक्क्यावर आला. धंदे बुडाले नाहीत, आकाश कोसळलं नाही. कोणीतरी विचारलं, इतकंच.

हा विषय आमच्या कट्ट्यावर निघाला तो एका पाकिटामुळे. आमचा कट्टा गोल्फ क्लबच्या मैदानाजवळ भरतो. या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे, तरी सकाळी चालायला येणारे त्याला गोल्फ क्लबच म्हणतात. गोल्फ खेळताना मात्र तिथे मी अजून कोणाला पाहिलेलं नाही. तर कट्ट्यावरच्या हिशेबनीसांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याला तिकडे टपालाने एक जाडजूड नोटीस आली, आणि काही महिन्यांनी एकशे बारा डॉलरांचा चेक आला. न मागता! त्याच्या जुन्या मालकावर कोणा दुसऱ्याच कामगारांनी दावा लावला होता, आणि त्याच्या तडजोडीत ह्याचाही हिस्सा निघाला होता.

“क्लास ॲक्शन म्हणतात त्याला,” हिशेबनीस म्हणाले.

“म्हणजे शाळेतल्या वर्गासारखंच की!” प्राध्यापक म्हणाले. “एकाने धीर करून ‘गुरुजी, पाणी’ म्हणायचं आणि सगळ्या वर्गाने बाहेर पडायचं.”

प्रकार साधारण तसाच आहे. अमेरिकेत नोकरदारांच्या निवृत्तीच्या पुंजीला करकायद्यातल्या कलमावरून ‘चारशे एक के’ म्हणतात. ती कोणत्या कोणत्या फंडांत घालता येईल याची यादी मालकाकडून ठरते, आणि १९७४ च्या एका कायद्याप्रमाणे ती ठरवणाऱ्याने केवळ कामगारांचं हित पाहायचं असतं. २००६ च्या सुमारास कामगारांनी एकेका बड्या कंपनीवर दावे लावायला सुरुवात केली, की तुम्ही आमच्या पुंजीतून अवाच्या सवा खर्च जाऊ दिलात. एडिसन या वीज कंपनीविरुद्धचा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तक्रार अशी होती, की तोच फंड घाऊक भावात मिळत असताना किरकोळ भावात घेतला गेला. हजार पानांच्या लग्नाला दारावरून एकेक जुडी कोथिंबीर घ्यावी, तसं! मे २०१५ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, की फंड एकदा निवडला म्हणजे सांभाळणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. पुढेही त्याने लक्ष ठेवलंच पाहिजे.

त्याच वर्षी लॉकहीड मार्टिन या विमानं बनवणाऱ्या कंपनीने आपल्यावरचा २००६ सालचा दावा ६ कोटी २० लाख डॉलर देऊन मिटवला. आकडा ऐकून कट्ट्यावर क्षणभर शांतता पसरली. मग हिशेबनीसांनी सवयीने भागाकार केला. कामगार लाखाहून जास्त, म्हणजे सरासरी माणशी सहाशे डॉलरदेखील नाहीत. शिवाय अशा तडजोडींत वकिलांची फी एक तृतीयांशापर्यंत जाते. आणि तडजोडनाम्यात बहुधा एक वाक्य असतंच, की आम्हांला चूक मान्य नाही. चूक नाही, पण पैसे घ्या आणि विषय संपवा! झालं गेलं गंगेला मिळालं. आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो, त्यामुळे तिला काय काय मिळतं हे आम्हांला रोज डोळ्यांनी दिसतं.

“एकशे बारा डॉलरांसाठी इतकी वर्षं कोर्टात?” निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले. “अहो, माणसाने जाऊ द्यावं. मोठं मन असावं. क्षमा वीरस्य भूषणम्!”

हे वाक्य आपल्याकडे फार आदराने ऐकलं जातं, आणि बहुतेक वेळा जिथे संपतं तिथेच चर्चाही संपते. पण प्राध्यापकांनी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेलं. चर्चा संपू द्यायची त्यांना सवय नाही. त्यांनी एक गोष्ट सांगितली. जोनाथन ग्लोव्हर नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये ती मांडली होती.

एका गावात शंभर माणसं जेवायला बसली आहेत. प्रत्येकाच्या ताटात घेवड्याचे शंभर दाणे. (नाशकापुरतं त्याला मिसळीतली मटकी समजायला हरकत नाही.) शंभर दरोडेखोर येतात, प्रत्येक जण एकेकाचं ताट हिसकावतो आणि खाऊन जातो. सरळ सरळ लूट. पुढे दरोडेखोरांच्या मनाला टोचणी लागते, की आपण एका माणसाला अख्खा दिवस उपाशी ठेवलं. मग ते युक्ती काढतात. पुढच्या खेपेस प्रत्येक दरोडेखोर प्रत्येक ताटातून एकच दाणा उचलतो. एका दाण्याने कोणाचं पोट कमी भरतं? कोणाचंच नाही. प्रत्येक दरोडेखोर छातीवर हात ठेवून सांगू शकतो, की मी कोणाचंही काही बिघडवलेलं नाही. आणि शंभराच्या शंभर ताटं रिकामी!

“आता बोला,” प्राध्यापक म्हणाले, “क्षमा कोणाला करायची? गुन्हेगारच सापडत नाही.”

मॅनेजरसाहेब जरा हिरमुसले, पण हटले नाहीत. “मग काय, जगात कोणी एक दाणाही घ्यायचा नाही? व्यवहार कसा चालायचा?”

याचं उत्तर दिलं ते आमच्या इंजिनिअरसाहेबांनी. ते पाटबंधारे खात्यातले. काही वर्षं दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत होते. ते एरवी फक्त पावसावर बोलतात.

“आपलं गंगापूर धरण मातीचं आहे,” ते म्हणाले. “मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच. पाझरत नाही असं सांगणारा इंजिनिअर थापा मारतो. पण म्हणून आम्ही ‘जाऊ द्या’ म्हणून घरी जात नाही. पाझर चर खणून एका जागी आणायचा, तिथे व्ही आकाराची खाच असलेला पत्रा बसवायचा आणि खाचेतून किती पाणी गेलं ते वहीत लिहायचं. पाझर वाढला, तर का वाढला ते शोधायचं. आणि गढूळ यायला लागला, तर मग झोपायचं नाही. धरणाची माती आतून वाहतेय असं समजायचं.”

मला वाटतं, शंभर पानी निकालपत्रात असतं तेवढं सगळं यात आलं. पाझर हा गुन्हा नव्हे. त्याची वही न ठेवणं हा गुन्हा. आणि तो गढूळ ठेवणं हा त्याहून मोठा. खर्च सातव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, तीन वेगवेगळ्या नावांनी लिहिलेला असला, की पाणी गढूळ आहे असं खुशाल समजावं.

इतका वेळ सातपूरच्या कारखान्यातले टर्नर गप्प होते. आमच्या कट्ट्यावर सर्वांत नेटका माणूस तोच. लेथवर आयुष्य काढलेलं, त्यामुळे केसाच्या जाडीचा फरक म्हणजे काय हे त्यांना आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. ते मॅनेजरसाहेबांना म्हणाले, “साहेब, मोठं मन करायला मोठी पेन्शन लागते. तुमचं जाऊ द्या म्हटल्यावर जातं थोडं. माझं त्यात सगळंच जातं.”

टर्नर २०१२ साली निवृत्त झाले. नाशिकरोडला नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे, आणि त्याच शहरात त्यांना महिन्याला दीड हजाराच्या आसपास निवृत्तिवेतन मिळतं. ही १९९५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. मालकाच्या हिश्शातले पगाराच्या ८.३३ टक्के तिच्यात जातात, पण पगार कितीही असला तरी ते मोजायचे एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. आणि निवृत्तिवेतन कसं काढायचं? हिशेबात धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. सत्तरनेच का भागायचं, असं टर्नरनी एकदा विचारलं होतं. प्राध्यापकांचा तर्क असा, की वाट पाहता पाहता माणसाचं वय तेवढं होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये सरकारने किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरवलं, म्हणजे त्याआधी काय होतं याची कल्पना करावी. ‘भविष्य’ हा शब्द ज्यांच्या पासबुकावर छापलेला आहे, त्यांची अशी स्थिती.

या योजनेवरूनही देशभर दावे झाले, आणि तेही वर्गानेच केल्यासारखे. पूर्ण पगारावर वर्गणी धरून पूर्ण निवृत्तिवेतन द्या, ही मागणी. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने निकाल दिला. १ सप्टेंबर २०१४ रोजी जे नोकरीत होते आणि त्यांतले जे पात्र होते, त्यांना तसा विकल्प द्यायला आणखी चार महिने मिळाले. पण त्या तारखेच्या आधी विकल्प न देता जे निवृत्त झाले, ते बाहेर राहिले. टर्नर दोन वर्षांनी हुकले. “विकल्प नावाचा कागद असतो हे मला कोणी सांगितलंच नाही,” ते म्हणाले. यात आवाज चढलेला नव्हता. मापात चूक सापडली की सांगावी, तसं सांगितलं.

आपल्याकडच्या निवृत्तांच्या पंचांगात दुसरीही एक तारीख आहे. १७ डिसेंबर १९८२. केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचं नवं, उदार सूत्र आणलं होतं, पण ते ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्यांनाच. आदल्या दिवशी सत्कार झालेला माणूस जुन्या सूत्रात! त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्जदार होते तीन. दोन निवृत्त गृहस्थ, पहिले डी. एस. नकारा, आणि तिसरी एच. डी. शौरींची ‘कॉमन कॉज’ ही संस्था. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ती तारखेची भिंत पाडली आणि निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून माणसाचा हक्क आहे, असं म्हटलं. तिघांनी मागितलं, लाखोंना मिळालं. १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी चिवडा खाणाऱ्यांतल्या किती जणांना त्या तिघांची नावं ठाऊक असतात, हा भाग वेगळा.

तेव्हा मॅनेजरसाहेबांचा प्रश्न उरतोच: एकशे बारा डॉलरांसाठी भांडावं का? मला वाटतं, त्या प्रश्नात हिशेबाची एक गफलत आहे. क्षमा ही चांगलीच गोष्ट, पण आपण फक्त आपल्या ताटातल्या दाण्याची क्षमा करू शकतो. पंगतीतल्या प्रत्येक ताटातून दाणा उचलला जात असताना मी ‘जाऊ द्या’ म्हणालो, तर ते माझं औदार्य नव्हे. मी टर्नरच्या ताटातलं दान करत असतो, आणि पुण्य माझ्या नावावर लिहून घेत असतो. ज्याला एक टक्का परवडतो, त्यानेच उठून विचारायला हवं. कारण ज्याला तो परवडत नाही त्याला बहुधा कोर्टाची पायरीही परवडत नाही.

आणि एकशे बारा डॉलर ही त्या भांडणाची खरी कमाईही नव्हे. दाव्यांच्या या वर्षांत तिकडे निवृत्तीच्या फंडांवरचे खर्च पुष्कळ उतरले. वकील म्हणतात आमच्यामुळे, कंपन्या म्हणतात स्पर्धेमुळे. श्रेय ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं. आज पहिली नोकरी लागलेल्या एखाद्या पोराच्या खात्यातून तो टक्का गेलाच नाही, आणि कधी गेला नाही हे त्या पोराला कळणारही नाही. न गेलेल्या पैशाचा चेक टपालाने येत नसतो. न्यायातला मोठा भाग असाच, पत्त्यावर न पोचणारा असतो.

आपल्याकडे अशा दाव्यांची सोय नाही असंही नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एकाने अनेकांच्या वतीने दावा लावायची तरतूद आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात भागधारक आणि ठेवीदारांसाठी कलम २४५ आहे. गुरुजी आहेत, वर्ग आहे, पाण्याची तहानही आहे. फक्त ‘गुरुजी, पाणी’ म्हणायला हात वर व्हायला हवा.

परवा कट्ट्यावर तेवढा हात वर झाला. आमच्यातल्या अकरा जणांनी पूर्वी एकाच कंपनीची निवृत्तीची योजना घेतली आहे. तिला एक पत्र लिहायचं ठरलं: पहिल्या दिवसापासून आजवर आमच्या प्रत्येकाच्या खात्यातून कोणकोणत्या नावांनी एकूण किती रुपये वजा झाले, ते टक्क्यांत न सांगता रुपयांत कळवावं. मसुदा प्राध्यापकांनी केला, तो इंजिनिअरसाहेबांनी निम्मा केला. टर्नरांचा त्या योजनेशी काही संबंध नाही, पण अक्षर त्यांचं चांगलं म्हणून पत्र त्यांनी लिहिलं. अकरा सह्या झाल्या. मग स्पीड पोस्टाच्या खर्चाची अकरात वाटणी करताना हिशेबात काही पैसे उरले आणि ते कोणी द्यायचे यावरून घोळ सुरू झाला. मॅनेजरसाहेब खिशात हात घालत म्हणाले, “जाऊ द्या हो, एवढ्याशासाठी कशाला? वरचे मी देतो.”

“नाही,” टर्नर म्हणाले, “आधी वहीत लिहा.”